'स्पर्श' म्हणजे काय, 'बालक' म्हणजे कोण? पॉक्सो आणि बाल न्याय कायद्यातल्या वादाच्या शब्दांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"कपड्यांवरून हात लावला तर गुन्हा नाही" अशा मथळ्याची बातमी येते, दोन दिवस गदारोळ होतो आणि त्या निकालाचे पुढे काय झाले हे कुणी सांगत नाही. शिक्षिका, अंगणवाडीताई, पालक आणि कायद्याचे विद्यार्थी अशा बातम्यांनंतर जे विचारतात ते इथे घेतले आहे. खटल्यांतल्या आरोपींची नावे मुद्दाम गाळली आहेत. मुलांची नावे तर कायद्यानेच छापता येत नाहीत.

हे कायदे केंद्राचे आहेत, मग वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळे अर्थ कसे लागतात?

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, म्हणजे पॉक्सो, संसदेने २०१२ मध्ये केला आणि १४ नोव्हेंबर २०१२ पासून तो लागू झाला. बाल न्याय अधिनियम, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांविषयीचा कायदा, २०१५ चा. दोन्ही देशभर चालतात, पण ते वाचणारी उच्च न्यायालये २५ आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने एखाद्या शब्दाचा अर्थ लावला की महाराष्ट्र आणि गोव्यातली खालची न्यायालये त्याने बांधली जातात; मद्रासने वेगळा लावला तर तमिळनाडूत तो. सर्वोच्च न्यायालय बोलले की मात्र संविधानाच्या अनुच्छेद १४१ प्रमाणे सगळ्यांना एकच अर्थ. मधली वर्षे मात्र अशीच जातात.

जाता जाता: गोव्याने पॉक्सोच्या नऊ वर्षे आधी, २००३ मध्ये, स्वतःचा बाल कायदा केला होता आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळे न्यायालयही नेमले होते.

नागपूरचा तो 'स्किन टू स्किन' निकाल नेमका कोणत्या शब्दावरून होता?

पॉक्सोच्या कलम ७ मधल्या दोन शब्दांवरून. एक 'स्पर्श' आणि दुसरा 'शारीरिक संपर्क'.

कलमाची रचना अशी आहे. लैंगिक उद्देशाने बालकाच्या विशिष्ट अवयवांना स्पर्श करणे किंवा बालकाला तसा स्पर्श करायला लावणे, हा पहिला भाग. "किंवा लैंगिक उद्देशाने अशी इतर कोणतीही कृती करणे, जिच्यात प्रवेशाशिवाय शारीरिक संपर्क येतो", हा दुसरा. यापैकी काहीही घडले तर तो 'लैंगिक हल्ला', आणि कलम ८ प्रमाणे शिक्षा तीन ते पाच वर्षे.

घटना डिसेंबर २०१६ ची. पेरू देतो म्हणून एका माणसाने १२ वर्षांच्या मुलीला घरात नेले, कपड्यांवरून तिची छाती दाबली आणि सलवार काढायचा प्रयत्न केला. खालच्या न्यायालयाने कलम ८ खाली तीन वर्षांची शिक्षा दिली. १९ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात न्या. पुष्पा गनेडीवाला यांनी ती रद्द केली. मुलीचा टॉप काढला होता का, हात आत घातला होता का, याचा तपशील नाही. त्वचेला त्वचेचा थेट संपर्क झाल्याचे दिसत नाही. म्हणून कलम ७ लागत नाही, असा तो तर्क. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतले विनयभंगाचे कलम ३५४ मात्र लागू ठेवले, त्याची शिक्षा एक वर्ष. शिक्षा इतकी कडक असेल तर पुरावाही तितकाच काटेकोर हवा, हे त्यामागचे तत्त्व. तत्त्व म्हणून त्यात वावगे काही नाही. चूक झाली ती पुढे: पुराव्याविषयीचा काटेकोरपणा शब्दाच्या अर्थावर लावला गेला. मूळ कलमात 'त्वचा' हा शब्दच नाही.

त्याच्या चार दिवस आधी, १५ जानेवारीला, त्याच न्यायासनाने विदर्भातल्याच आणखी एका खटल्यात पाच वर्षांच्या मुलीचा हात धरणे आणि पँटची चेन उघडी असणे हे 'लैंगिक हल्ल्यात' बसत नाही असे म्हटले होते. हे दोन्ही निकाल पुढे एकत्रच दिल्लीत गेले.

सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ कशाच्या जोरावर फिरवला?

आधी हे प्रकरण तिथे पोहोचले कसे ते पाहा. केंद्र सरकारचे सर्वोच्च कायदा अधिकारी, म्हणजे तेव्हाचे ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी स्वतः तो निकाल न्यायालयाच्या नजरेस आणला आणि २७ जानेवारी २०२१ ला स्थगिती मिळाली. राष्ट्रीय महिला आयोग आणि महाराष्ट्र शासनही अपिलात गेले. मूळ खटल्यात पक्षकार नसलेला ॲटर्नी जनरल फौजदारी अपील करू शकतो का, हाही प्रश्न निघाला. करू शकतो, असे उत्तर मिळाले.

१८ नोव्हेंबर २०२१ रोजी न्या. उदय लळित, न्या. रवींद्र भट आणि न्या. बेला त्रिवेदी यांनी नागपूरचे दोन्ही निकाल रद्द केले. मुख्य निकालपत्र न्या. त्रिवेदींचे, न्या. भट यांनी सहमतीचे पण स्वतंत्र लिहिले. पेरूच्या प्रकरणात कलम ८ ची तीन वर्षे पुन्हा लागली. दुसऱ्यात मुलगी १२ वर्षांखालची असल्याने गंभीर स्वरूपाचा लैंगिक हल्ला ठरला आणि कलम १० प्रमाणे पाच वर्षे.

तर्क साधारण तीन पायऱ्यांचा होता. पहिली पायरी शब्दकोशाची. 'टच' आणि 'कॉन्टॅक्ट' या शब्दांचे सर्वसाधारण अर्थ पाहिले, तर मधे कापड नसावे अशी अट कुठेच नाही. रोजच्या मराठीतही तसेच आहे. लोकलच्या गर्दीत "त्याने हात लावला" असे बाई सांगते तेव्हा कपड्यांवरून की खालून, असे कुणी विचारत नाही.

दुसरी पायरी हेतूची. कायदा कोणते दुखणे बरे करायला आला, हे आधी ओळखायचे आणि ते दुखणे बरे होईल असाच अर्थ घ्यायचा, हा नियम इंग्लंडमधल्या १५८४ सालच्या एका खटल्यापासून चालत आला आहे. पॉक्सो आला तो मुलांशी होणारे लैंगिक वर्तन थांबवायला. कपड्याच्या एका थराने ते वर्तन निर्दोष होत असेल, तर कायद्याचे प्रयोजनच संपले. रबरी हातमोजे घालून कुणी हेच केले तर तो सुटायचा का, हा ॲटर्नी जनरलचा युक्तिवाद बहुतेकांच्या लक्षात राहिला, आणि तो राहण्यासारखाच आहे.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची: या गुन्ह्याचा गाभा 'लैंगिक उद्देश' हा आहे, त्वचा नव्हे. उद्देश सिद्ध झाला की स्पर्श कशातून झाला हे दुय्यम ठरते.

पण फौजदारी कायद्यात शंका आली तर फायदा आरोपीला मिळतो ना?

मिळतो, आणि मिळायलाच हवा. फक्त ती शंका शब्दांतून खरोखर निघालेली असावी लागते. एका शब्दाचे दोन अर्थ सारख्याच सहजतेने निघत असतील तर आरोपीला सोयीचा अर्थ घ्यायचा. पण आधी एखादा चमत्कारिक अर्थ शोधून काढायचा आणि मग "बघा, दोन अर्थ निघतात" म्हणायचे, याला न्यायालयाने मान्यता दिली नाही.

मग "आय लव्ह यू" म्हणणाऱ्याला नागपूर खंडपीठाने कसे सोडले?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, पण उत्तर वरच्याच निकालात आहे. २०१५ च्या घटनेत एका तरुणाने १७ वर्षांच्या मुलीचा रस्त्यात हात धरला, नाव विचारले आणि तसे म्हणाला. खालच्या न्यायालयात शिक्षा झाली. ३० जून २०२५ ला न्या. ऊर्मिला जोशी-फाळके यांनी ती रद्द केली. स्पर्श होता, लैंगिक उद्देश दाखवणारे त्यापलीकडचे काही पुराव्यात नव्हते. गाभा उद्देशाचा, असे एकदा म्हटले की तो दोन्ही बाजूंना लागू होतो. हात धरलेला चालतो असा या निकालाचा अर्थ नाही. या कलमात तो बसला नाही, एवढाच अर्थ.

'बालक' म्हणजे १८ वर्षांखालची व्यक्ती. पण जिचे मनाचे वय सहा वर्षांचे आहे, तिचे काय?

पॉक्सोच्या शब्दांविषयीचा सर्वांत अवघड खटला माझ्या मते हाच. दिल्लीतल्या ३८ वर्षांच्या एका स्त्रीला सेरेब्रल पाल्सी होती आणि तिची मानसिक वाढ सहा ते आठ वर्षांच्या मुलीएवढी होती. तिच्यावर अत्याचार झाला. तिच्या आईचे म्हणणे असे की, 'वय' या शब्दात मनाचे वयही धरा म्हणजे पॉक्सोचे विशेष न्यायालय, मुलांना सोयीची साक्षीची पद्धत आणि बाकी संरक्षण तिलाही मिळेल. कायद्याचे प्रयोजन पाहिले तर ही मागणी नागपूरच्या प्रकरणाइतकीच बळकट वाटते. कुणालाही पटेल.

२१ जुलै २०१७ रोजी न्या. दीपक मिश्रा आणि न्या. रोहिंटन नरिमन यांनी ती नाकारली. संसदेने आकडा लिहिला आहे, आणि आकडा म्हणजे जन्मापासून मोजलेली वर्षे. मनाचे वय धरायचे ठरवले तर ते कोण मोजणार, कोणत्या कसोटीने, खटल्याच्या कोणत्या टप्प्यावर? आणि मग १७ वर्षांचा पण मनाने २५ चा असा कुणी निघाला तर त्याचे संरक्षण काढून घ्यायचे का?

न्या. नरिमन यांनी स्वतंत्र निकालपत्रात इथे लक्ष्मणरेषा कुठे आहे ते सांगितले. इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांची १९४९ ची एक उपमा त्यांनी घेतली: कापडाला पडलेल्या चुण्या न्यायाधीशाने इस्त्री करून काढाव्यात, कापड ज्या धाग्याने विणले आहे तो धागा बदलू नये. 'स्पर्श' शब्दातून त्वचेची अट काढणे ही इस्त्री. 'वय १८' मध्ये मन घालणे हा धागा बदलणे. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले की न्यायालये कधी शब्द ताणतात आणि कधी हात आखडतात, ते बरेचसे कळते. मला अजूनही त्या स्त्रीच्या बाजूने वाईट वाटते, पण संसदेचे काम संसदेकडे पाठवण्यात न्यायालय चुकले असे म्हणवत नाही.

कलमात आरोपीसाठी 'तो' लिहिले आहे. मग स्त्री सुटते का?

नाही. दिल्ली उच्च न्यायालयात न्या. अनुप भंभानी यांच्यासमोर ऑगस्ट २०२४ मध्ये हा मुद्दा आला. पॉक्सोचे कलम ३ सुरू होते 'व्यक्ती' या शब्दाने, आणि भारतीय दंड संहितेच्या कलम ८ मध्ये 'तो' हे सर्वनाम स्त्री-पुरुष दोघांसाठी आहे असे स्वच्छ लिहिलेले होते. पॉक्सोमध्ये व्याख्या नसलेल्या शब्दांसाठी दंड संहिता, बाल न्याय कायदा वगैरेंकडे पाहायचे, असे पॉक्सोचेच कलम २(२) सांगते.

आमदार 'लोकसेवक' असतो का? त्याने काय फरक पडतो?

फरक मोठा पडतो. लोकसेवकाने केलेला अत्याचार 'गंभीर स्वरूपाचा' ठरतो आणि शिक्षा वाढते. 'लोकसेवक' शब्दाची व्याख्या पॉक्सोत नाही, म्हणून ती पुन्हा दंड संहितेतून उचलावी लागते. आणि तिथे वाट अडवून उभा आहे तो महाराष्ट्राचाच जुना खटला. माजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्यावरच्या भ्रष्टाचाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी १९८४ मध्ये ठरवले होते की आमदार हा दंड संहितेच्या कलम २१ खाली लोकसेवक नाही.

सिमेंटच्या कोट्यावरून गाजलेल्या त्या प्रकरणाचा बालसंरक्षणाशी काय संबंध? उत्तर प्रदेशातल्या उन्नाव इथल्या अल्पवयीन मुलीवरच्या बलात्काराच्या प्रकरणात तो संबंध आला. माजी आमदार कुलदीप सेंगर यांना २०१९ मध्ये जन्मठेप झाली होती. २३ डिसेंबर २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने, आमदार लोकसेवकाच्या व्याख्येत येत नाही असे प्रथमदर्शनी मानून, अपील चालू असेपर्यंत शिक्षा स्थगित केली. सहाच दिवसांत, २९ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. पोलीस शिपाई किंवा तलाठी लोकसेवक आणि आमदार मात्र नाही, हे कसे, अशी शंका सुनावणीत निघाली. उधार घेतलेल्या व्याख्येचा हा धोका. ज्या कामासाठी ती लिहिली गेली ते काम वेगळे, वापरायची वेळ आली ती वेगळी.

मोबाइलमध्ये मुलांचा अश्लील व्हिडिओ आला, पुढे पाठवला नाही, नुसता राहिला. तरी गुन्हा?

होऊ शकतो. पॉक्सोच्या कलम १५ मधल्या 'साठवणे' आणि 'ताब्यात असणे' या शब्दांवर मद्रास उच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२४ ला म्हटले होते की नुसते डाउनलोड करून पाहणे गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ ला तो निकाल रद्द केला. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठासाठी न्या. जमशेद पारडीवाला यांनी निकालपत्र लिहिले.

त्यात कलम १५ चे तीन तुकडे वेगळे केले आहेत. एक, साठवले आणि पुढे पाठवण्याच्या इराद्याने ते नष्ट केले नाही की कळवलेही नाही. दोन, पसरवण्यासाठी किंवा दाखवण्यासाठी साठवले. तीन, धंद्यासाठी साठवले. पहिल्या तुकड्यात प्रत्यक्ष पाठवणे लागत नाही. नष्ट न करता, न कळवता ठेवून दिले यावरूनच इरादा काढता येतो. 'ताबा' म्हणजे फोनच्या मेमरीतच असणे असेही नाही. ऑनलाइन पाहताना त्यावर तुमचे नियंत्रण असेल तर तोही ताबा. अनोळखी लिंक चुकून उघडली तर बंद करून कळवा. नुसते बंद करून विसरू नका.

याच निकालात 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दच न्यायालयांनी वापरू नये असे सांगितले गेले. तो शब्द ऐकला की दोघांच्या मर्जीची काही गोष्ट असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ती मुलाच्या शोषणाची नोंद असते. मराठी वर्तमानपत्रांतला 'बाल अश्लीलता' हा शब्दही त्याच कारणाने टाकून द्यायला हवा. 'बाल लैंगिक शोषणाचे साहित्य' लांबलचक आहे, पण खरे आहे.

शाळेत किंवा दवाखान्यात कळले आणि कुणी पोलिसांना सांगितले नाही तर?

कलम १९ म्हणते, ज्याला 'माहिती' आहे त्याने कळवलेच पाहिजे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. वाद होतो तो 'माहिती' शब्दावर. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या एका वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात, त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरवरचा गुन्हा नागपूर खंडपीठाने रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला. डॉक्टरला खरेच माहिती होती की नव्हती हे साक्षीपुराव्याने ठरेल, खटला सुरू होण्याआधीच त्याचा निवाडा करता येणार नाही, असे म्हटले. "मला फक्त संशय होता" ही ढाल शिक्षकांनीही वापरू नये. गुन्हा घडण्याची भीती वाटली तरी कळवा, असे कलमातच आहे.

न्यायालय आरोपीला दोषी 'गृहीत धरील' असे कलम २९ म्हणते. मग खटला चालवायचाच कशाला?

शब्दशः घेतले तर तसे वाटते खरे. नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये न्या. रोहित देव यांच्या निकालात याचा उलगडा केला. मुलाचे वय, घटना घडली हे, अशा पायाभूत गोष्टी सरकारी पक्षाने आधी सिद्ध करायच्या. त्यानंतर कलम २९ चे गृहीतक उभे राहते आणि आरोपीला ते खोडता येते. अर्थ अरुंद करण्याचे हे चांगले उदाहरण. ज्या खंडपीठावर २०२१ मध्ये टीका झाली त्याचेच हे काम आहे, तेही ध्यानात असावे.

१७ वर्षांची मुलगी आणि तिचा मित्र. दोघांची मर्जी होती. न्यायालय 'संमती' पाहत नाही का?

कायद्यात तशी जागा नाही. १८ वर्षांखाली संमतीला अर्थ नाही, आणि हा आकडा पुन्हा धागाच आहे, चुणी नव्हे. नवरा-बायकोसाठी दंड संहितेत १५ वर्षांची पळवाट होती. ती ११ ऑक्टोबर २०१७ ला न्या. मदन लोकूर आणि न्या. दीपक गुप्ता यांनी, पॉक्सोशी विसंगत म्हणून, १८ वर आणली.

तरीही न्यायालये चाचपडतात. कोलकाता उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच एका प्रकरणात आरोपीला सोडताना किशोरवयीन मुलींना संयमाचे धडे दिले. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्ट २०२४ ला, न्या. अभय ओक यांच्या निकालपत्रात, ते शेरे आणि ती सुटका दोन्ही रद्द करून दोषसिद्धी परत आणली. ती मुलगी घटनेच्या वेळी १४ वर्षांची होती. पण तोवर ती सज्ञान होऊन त्याच माणसाबरोबर संसार करत होती, मूल होते, आणि तिला खरा त्रास झाला तो खटल्याचा, असे तज्ज्ञांच्या समितीने कळवले. २३ मे २०२५ ला त्याच पीठाने अनुच्छेद १४२ चे विशेष अधिकार वापरून शिक्षा भोगायला लावली नाही. शब्दाचा अर्थ बदलला नाही. एका कुटुंबापुरती वाट काढली आणि हा दाखला होणार नाही हे बजावले.

वय १६ करावे का, यावर विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या २८३ व्या अहवालात नको असे सांगितले. १६ ते १८ च्या प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायाधीशांना मर्यादित मोकळीक द्यावी, एवढे सुचवले.

मुलगाच आरोपी असेल तर? पुण्याच्या अपघातात मुलाला प्रौढ म्हणून का चालवता आले नाही?

हा वाद पॉक्सोचा नाही, बाल न्याय कायद्यातल्या 'किमान' या शब्दाचा आहे. १६ ते १८ वयाच्या मुलाला प्रौढासारखे चालवता येते ते फक्त 'निर्घृण' गुन्ह्यात. आणि निर्घृण गुन्ह्यात 'किमान शिक्षा सात वर्षे किंवा जास्त' असलेल्या गुन्ह्यांचा 'समावेश होतो', असे कलम २(३३) म्हणते. सदोष मनुष्यवधाला दहा वर्षे किंवा जन्मठेपही होऊ शकत होती, पण दंड संहितेत किमान शिक्षा ठरलेली नव्हती. असे गुन्हे कायद्यातल्या क्षुल्लक, गंभीर आणि निर्घृण यांपैकी कोणत्याच खणात बसेनात.

दिल्लीतल्या २०१६ च्या एका मोटार अपघातातून हा प्रश्न वर गेला. 'किमान' हा शब्द गाळून वाचा, नाहीतर अर्थाचा अनर्थ होतो, असे मृताच्या घरच्यांचे म्हणणे. ९ जानेवारी २०२० ला न्या. दीपक गुप्ता आणि न्या. अनिरुद्ध बोस यांनी शब्द गाळायला नकार दिला. संसदेने लिहिलेला शब्द खोडून मुलाला जास्त कठोर वाटेवर ढकलता येणार नाही. संसद दुरुस्ती करेपर्यंत असे गुन्हे 'गंभीर' धरावेत, 'निर्घृण' नव्हेत. २०२१ च्या दुरुस्तीने संसदेनेही तेच केले. मे २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगर अपघातात मुलाला प्रौढ म्हणून चालवण्याची पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली, तेव्हा लोकांना ३०० शब्दांचा निबंध तेवढा आठवला. या एका शब्दाचा इतिहास फारसा कुणी सांगितला नाही.

मराठी पाठ्यातला शब्द न्यायालयात चालतो का?

केंद्रीय कायद्यांचे प्रादेशिक भाषांतले अधिकृत पाठ १९७३ च्या कायद्याने मान्य आहेत. पण उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत, त्यामुळे झगडा इंग्रजी शब्दावरच होतो. पोलीस ठाण्यातल्या जबाबाचे मात्र उलटे असते. मुलगी मराठीत, कधी गोंडी किंवा अहिराणीत सांगते. लिहिणारा ते ठरावीक साच्यात बसवतो. मग त्याचे इंग्रजी होते. "त्याने मला धरलं" याचे तीन टप्प्यांनंतर काय उरते, यावर खटले हरले-जिंकले जातात. मुलाचे शब्द मुलाने उच्चारले तसेच लिहावेत, असे पॉक्सोच्या कलम २६ मध्ये आहे. तपासणाऱ्याने ते पाळले की नाही, हे वकिलाने सर्वांत आधी पाहावे.

इतर देशांत असे वाद होतात का?

होतात, आणि कधी कधी ते शुद्ध व्याकरणाचे असतात. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात, मुलांच्या शोषणाचे साहित्य बाळगणाऱ्याला आधीचा लैंगिक गुन्हा असेल तर किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. आधीचे गुन्हे असे मोजले आहेत: गंभीर लैंगिक अत्याचार, लैंगिक अत्याचार, किंवा अल्पवयीनाशी केलेले लैंगिक गैरवर्तन. आरोपीचा आधीचा गुन्हा प्रौढ स्त्रीवरचा होता. 'अल्पवयीन' हे फक्त शेवटच्याला लागते की तिन्हींना? १ मार्च २०१६ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी, फक्त शेवटच्याला, असे ठरवले. बहुमताचे निकालपत्र न्या. सोनिया सोतोमायोर यांचे, विरोधाचे न्या. एलेना केगन यांचे. माणूस बोलताना असे तोडून बोलत नाही, हे केगन यांचे म्हणणे.

मराठीत विशेषण आधी येते, म्हणून हा पेच आपल्याकडे उलट्या टोकाला पडतो. "रत्नागिरीचे आंबे, फणस आणि काजू आणा" म्हटले तर काजू मालवणचे चालतील का?

बातमीत "कोर्ट म्हणाले" असे आले तर आधी काय पाहावे?

तो जामिनाचा आदेश आहे की अपिलाचा अंतिम निकाल, हे. जामिनातले शेरे प्रथमदर्शनी असतात. मग कोणते न्यायालय, कोणते कलम, आणि आरोपी पूर्ण सुटला की दुसऱ्या कलमाखाली दोषी राहिला. मार्च २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने एका मुलीच्या पायजम्याची नाडी तोडणे हा बलात्काराचा 'प्रयत्न' नव्हे, तयारी आहे, असे म्हटले. ती बातमी आजही फॉरवर्ड होते. १७ मार्चच्या त्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्चलाच स्थगिती दिली होती.